चिमटीबाईचा संसार

शनिवारी संध्याकाळी घड्याळजी दुकानातून घरी आले, हातपाय धुऊन खुर्चीत बसले, आणि खिशातून नोटांची एक छोटीशी घडी काढून त्यांनी ती लेकीच्या तळहातावर ठेवली. ठेवली तीही अशा थाटात, की एखाद्या राजानं खूश होऊन बक्षिसी द्यावी!

"हे घे," ते म्हणाले. "आई येईपर्यंत घर आता तुझ्या हाती."

लेकीनं घडी उलगडली. तिला वाटलं, उद्याच्या भाजीपुरते असतील, बाकीचे सकाळी देतील... तिनं हसतच विचारलं, "आणि आठवड्याचे?"

घड्याळजींना प्रश्नच कळला नाही. "आठवड्याचेच आहेत ते. दर शनिवारी एवढेच देतो मी तुझ्या आईला. अकरा वर्षं झाली, एक शनिवार चुकवला नाही. विचार हवं तर तिला."

ते अभिमानानं बोलत होते, आणि लेक मात्र आपल्या तळहाताकडे बघत नुसती उभी होती. स्वतःच्या घरी एवढ्या पैशांत तिचे जेमतेम दोन दिवस निघत, तेही मन मारून. आणि इथे यातूनच धान्य, तेल, दूध, गॅस, साबण, विजेचं बिल... काहीतरी चुकतंय, बाबा काहीतरी विसरताहेत, असं तिनं मनाशी म्हटलं आणि नोटा डब्यात ठेवून दिल्या.

तिला माहेरी येऊन दोनच दिवस झाले होते. आई बाजाराच्या ओल्या पायरीवरून घसरली होती. खुब्याचं हाड मोडलं, सरकारी इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, आणि आता तीन आठवडे तरी तिला खाटेवरून उठायची मनाई होती. लेक छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिथून रजा काढून ती आली ती खरं तर बाबांसाठी. बाबांना साधा चहा करता येत नव्हता, त्यांचं कोण बघणार? आईशी मात्र तिचं गेली तीन वर्षं जेवढ्यास तेवढंच बोलणं होतं.

गल्लीत आईला चिमटीबाई म्हणत. मीठ, साखर, चहा, सगळं ती चिमटीनं घ्यायची, म्हणून कुणीतरी कधीतरी ठेवलेलं हे नाव. ते इतकं चिकटलं की खरं नाव आठवायला लोकांना क्षणभर थांबावं लागे. उलट घड्याळजी म्हणजे राजा माणूस! दुकानात येईल त्याला चहा, म्हाताऱ्याकोताऱ्यांची घड्याळं फुकट दुरुस्त, कुणाचं काही अडलं तर आधी यांचा हात खिशात. त्यांच्याविषयी बोलताना लोक हमखास म्हणत, एवढा दिलदार माणूस, पण बायको बघा कशी मिळाली बिचाऱ्याला... लेकीच्या आठवणींतही बाबा म्हणजे खाऊ होता आणि आई म्हणजे 'नको'. सहलीला नको, नवी पुस्तकं नको, रंगपेटी नको. आई आधी नाही म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी बाबा ऐटीत पैसे काढून द्यायचे. मग मुलीनं जीव कुणावर टाकावा?

तरी ते सगळं तिनं गिळलं असतं. लग्नाच्या जेवणाचं मात्र गिळवलं नाही. त्या दिवशी आई स्वयंपाकघराच्या दारापाशी स्टूल टाकून बसली होती आणि बाहेर जाणारं एकेक ताट मोजत होती! वाढप्याला "एवढं नको" म्हणत होती, आचाऱ्याला थांबवत होती, आणि सासरची माणसं बघत होती. नणंदेनं तर विचारलंच, तुझी आई इथे नोकरीला आहे का गं? निघताना लेक बाबांच्या गळ्यात पडून रडली, आणि आईला एवढंच म्हणाली, "माझ्या लग्नातही तुला मोजल्याशिवाय राहवलं नाही!" लेकीच्या बाहीचा एक धागा सुटला होता, तो आईनं दातानं तोडला आणि ती बाजूला झाली.

रविवारी लेकीनं आपल्या घरच्यासारखा बाजार केला. सोमवारी तिनं हात आवरला, मंगळवारी अगदीच आखडला, आणि तरी मंगळवारी सकाळी डब्याचा तळ दिसला. शनिवार यायला अजून चार दिवस होते! कपाटं, फडताळं, गादीखालची फळी, सगळीकडे तिनं शोधलं. आईनं कुठेतरी लपवून ठेवले असणार, कंजूष माणसं ठेवतातच. कुठेच काही नव्हतं. कपाटात आईचे कपड्यांचे दोन जोड होते, तिसरा तिच्या अंगावर इस्पितळात. पलंगावरची चादर ओढून घेताना तिला दिसलं, की ती मधोमध विरल्यावर उभी कापून, कडा मध्ये आणून पुन्हा शिवलेली आहे. ती शिवण बाबांच्या पाठीला टोचू नये म्हणून चादर आईच्या बाजूनं जास्त सोडून घातली होती. शिवण येत होती ती आईच्या अंगाखाली.

मग तिनं बाबांचे शर्ट इस्त्रीला घेतले. घड्याळजींचे पांढरे शर्ट म्हणजे गल्लीत प्रसिद्ध. दुकान लहान, पण माणूस कसा कडक! पहिल्या शर्टाची कॉलर तिला नवी वाटली. बाकीचं कापड जुनं आणि कॉलर नवी कशी? तिनं शर्ट उलटा केला... आणि इस्त्री बाजूला ठेवली. पाठीचा खालचा वीतभर भाग, जो पँटमध्ये खोचला जातो, कुणाला कधी दिसत नाही, तो शर्टाचा नव्हताच. फिकट निळ्या फुलांचं कापड होतं ते. आईचा एक जुना झगा तसला होता. खालचं पांढरं कापड कापून त्याची कॉलर आणि कफ झाले होते, आणि त्याच्या जागी हा झगा जोडला होता, इतक्या बारीक टाक्यांनी की बोट फिरवून जोड सापडत नव्हता. चारही शर्ट तसेच होते. रोज सकाळी बाबा ते ताठ कॉलरीचे शर्ट घालून राजासारखे बाहेर पडत, आणि त्यांच्या पाठीशी, कमरेखाली, आईचा झगा असे!

लेक तशीच खाली बसली. तिचा राग कुठे गेला ते तिला कळेना. त्या जागी एक विलक्षण विस्मय येऊन बसला होता, थोडा भीतीसारखाच. या बाईला आपण ओळखतच नव्हतो की काय?

त्याच दुपारी ती इस्पितळात गेली. खाटेखाली आईच्या चपला होत्या. तळवा पार झिजून आतला पुठ्ठा दिसत होता, आणि तो पुठ्ठा घड्याळाच्या खोक्याचा होता. लेकीनं तिकडे बघितलेलं आईच्या लक्षात आलं. तिनं चादर जरा खाली ओढली.

"आई, बाबा किती देतात ते मला कळलं."

आईनं आधी शेजारच्या खाटेकडे नजर टाकली. कुणी ऐकत नव्हतं. मग हळूच म्हणाली, "पुरले का?"

"आज संपले."

"मंगळवारपर्यंत गेले?" आईच्या चेहऱ्यावर चक्क कौतुक उमटलं. "मग बरे गेले की! पहिल्या आठवड्यात माझे सोमवारीच संपले होते."

आणि मग ती सांगू लागली. लेकीनं आयुष्यात आईला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. डाळ सकाळीच भिजवायची, दुपारी एक उकळी आली की गॅस बंद करायचा, आणि पातेलं बाबांच्या जुन्या कोटात गुंडाळून भुशाच्या खोक्यात ठेवायचं. संध्याकाळपर्यंत आपली आपण शिजते, गॅस लागत नाही. लेकीला ते खोकं आठवलं. अडगळ म्हणून तिनं कालच ते बाहेर टाकायला काढलं होतं. बाजार उठायच्या वेळेला जायचं, विकणाऱ्याला ओझं परत न्यायचं नसतं. एक बाजू मऊ पडलेली भाजी घ्यायची, तेवढा भाग कापला की बाकीची चांगलीच असते. बस घ्यायची नाही. बाबांचा चहा ताज्या पत्तीचा, आपला त्याच पत्तीवर. सांगताना तिचे डोळे लकाकत होते. एखाद्या कारागिरानं आपलं कसब उलगडून दाखवावं तशी ती बोलत होती.

"सगळंच दुःखाचं नव्हतं गं," ती म्हणाली. "शनिवारी पैसे हातात आले की वाटायचं, बघू या, या खेपेला जमतंय का. आणि जमायचं! शुक्रवारी डब्यात एखादं नाणं उरलं ना, तर मी एकटीच हसायची."

"पण तू मागितले का नाहीस? अकरा वर्षांत एकदाही?"

मग तिनं सांगितलं ते असं. अकरा वर्षांपूर्वी लोकांच्या हाती फोन आले आणि मनगटावरची घड्याळं उतरली. बाबा म्हणाले, काही दिवस निम्म्यात भागव. ते काही दिवस संपेनात, तेव्हा एकदा मागायचंच असं ठरवून ती निघाली. बाबा चष्मा घरी विसरले होते, तेवढं निमित्त होतं. रस्त्याच्या पलीकडूनच तिला दुकान दिसलं. आत एकही गिऱ्हाईक नव्हतं. बाबा एकटे बसले होते, आणि समोरून कुणी जाऊ लागलं की लगबगीनं एक उघडं घड्याळ पुढे ओढून त्यावर वाकत होते. माणूस पुढे गेला की पुन्हा ताठ बसत होते. चष्म्याशिवाय! त्यांना त्या घड्याळातलं काही दिसणंसुद्धा शक्य नव्हतं.

"मी चष्मा न देताच परत फिरले," आई म्हणाली. "त्या दिवशी ठरवलं, या माणसापुढे आता हात पसरायचा नाही. दुकानात त्यांचं राज्य गेलं होतं. घरी तरी असू दे. आणि लोकांना चहा पाजताना त्यांचा चेहरा कसा होतो, बघितलायस ना तू? तो मला बघायचा असतो."

लेक पुटपुटली, "आणि लोक तुला चिमटीबाई म्हणतात."

"म्हणेनात का. मला कुठे दुकान चालवायचंय?"

"आई, माझ्या लग्नात..."

"तुझ्या बाबांनी साठ माणसं जास्तीची बोलावली होती," आई शांतपणे म्हणाली. "आनंदाच्या भरात. आदल्या दिवशी मला कळलं. मोजलं नसतं, तर तुझ्या सासऱ्यांच्या टेबलापर्यंत जेवण पोचलंच नसतं. पोचलं ना?"

"पोचलं." लेकीनं आईचा हात धरला. तो इतका हलका होता की तिला रडूच आलं. त्या दिवशी आई स्वतः जेवली नव्हती, हे तिला आत्ता, तीन वर्षांनी, आपोआप कळलं. विचारायचीही गरज नव्हती. ती आईच्या हातावर कपाळ टेकून रडत राहिली आणि आई दुसऱ्या हातानं तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिली.

निघताना आईनं तिच्याकडून वचन घेतलं, की बाबांना यातलं एक अक्षर सांगायचं नाही. लेकीनं ते दिलं. मनापासून दिलं.

बुधवारी दुपारी घड्याळजी जेवायला घरी आले. पोटभर जेवले, हात पुसले आणि लेकीपुढे तळहात पसरून म्हणाले, "जरा थोडे देतेस का गं? दुकानात मित्र यायचेत."

"कशातले, बाबा?"

"घरखर्चातलेच. तुझी आई देते की दर बुधवारी." ते हसले. "चिमटीनंच देते म्हणा, पण देते."

दर बुधवारी! शनिवारी दिलेल्यातूनही... लेकीनं आपली पिशवी उघडली आणि आपल्या पगारातले पैसे त्यांच्या हातावर ठेवले. वचन दिलं होतं ना. तिनं ते पाळलंही असतं. पण पैसे खिशात टाकता टाकता बाबा प्रेमानं म्हणाले, "बघ, किती सहज दिलेस! चार दिवस जेवणही कसं मनासारखं होतंय. तुझ्या आईला हे कधी जमलंच नाही. मुळात हातच आखडता तिचा."

लेकीनं उचलायला घेतलेलं ताट खाली ठेवलं.

"बाबा," ती म्हणाली, "अंगातला शर्ट जरा काढून देता?"

ते गोंधळले, पण त्यांनी दिला. तिनं तो टेबलावर पालथा पसरला आणि निळ्या फुलांवर बोट ठेवलं. घड्याळजी बघत राहिले. मग जन्माच्या सवयीनं त्यांनी खिशातलं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि ते वाकले. सगळं आयुष्य त्या भिंगातून त्यांनी दुसऱ्यांच्या हातचं काम पारखलं होतं. टाक्याला टाका लागून गेला होता, एकाही ठिकाणी अंतर चुकलेलं नव्हतं. जुन्या दोऱ्याच्या भोकातूनच नवा दोरा ओवला होता, कापड दुखावू नये म्हणून. ते त्या जोडावरून कडेपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले... भिंग डोळ्यावरून काढलं तेव्हा ते ओलं झालं होतं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

लेकीनं मग सगळं सांगितलं. आवाज न चढवता, एकही कडू शब्द न वापरता. चष्म्याची गोष्ट तेवढी तिनं गाळली. ती सांगायची तिची छाती झाली नाही. घड्याळजी बनियनवर, टेबलाशी, मान खाली घालून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी शर्ट उचलला, दोन्ही हातांनी, तान्ह्या मुलाला उचलावं तसा, आणि अंगात घालून ते बाहेर पडले. तिचे पैसे टेबलावर ठेवून गेले.

दुकानात ते गेलेच नाहीत. दिवेलागणीला परतले तेव्हा त्यांनी सांगितलं, की आपण बाजारभर भाव विचारत फिरलो. तेलाचा, डाळीचा, साबणाचा, दुधाचा. ओळखीचे दुकानदार हसले, म्हणाले, घड्याळजी, आज तुम्ही कसे? चिमटीबाई कुठायत? एकाही वस्तूचा भाव त्यांना ठाऊक नव्हता. एका दिवसाच्या वाट्याला येतील तेवढ्याच पैशांत घेतलेली भाजीची एक लहानशी पुडी हातात होती.

"एवढंच आलं गं," ते लेकीला म्हणाले. आणि मग बऱ्याच वेळानं, स्वतःशीच, "तिनं अकरा वर्षं काढली यात. तिघांना जेवू घातलं... मी गंमत करायचो तिची. मित्रांपुढे करायचो!"

गुरुवारी ते सकाळीच घराबाहेर पडले आणि दुपारी भेटीच्या वेळेला थेट इस्पितळात आले. लेक आधीच आईजवळ बसली होती. नवऱ्याचा चेहरा बघताक्षणी आईला कळलं, आणि तिनं लेकीकडे अशा नजरेनं बघितलं, की लेकीनं मान खाली घातली. त्या नजरेत राग नव्हता. फार जपून नेलेली काचेची वस्तू घराच्या दारात फुटावी, तसं काहीतरी होतं.

"तिच्यावर चिडू नकोस," घड्याळजी म्हणाले. ते खाटेच्या कडेला बसले. काय करावं ते न कळून त्यांनी बायकोच्या पायांवरची चादर नीट केली, मग पुन्हा नीट केली. "घड्याळात केसाएवढा दोष असला तरी मला नुसत्या आवाजावरून कळतो. आणि माझ्या घरात काय चाललंय ते मला..."

"मी कुठे कळू दिलं?" आई म्हणाली. "तुम्हाला काय स्वप्न पडणार होतं?"

त्यांनी मग सकाळी काय करून आलो ते सांगितलं. मोठ्या रस्त्यावर घड्याळांचं चकचकीत दुकान होतं. तिथल्या मालकानं वर्षापूर्वी त्यांना कामाला बोलावलं होतं: दाराशी स्टुलावर बसायचं, बॅटऱ्या बदलायच्या, पट्टे बसवायचे, महिन्याचा महिन्याला पगार. तेव्हा घड्याळजींनी त्या मालकाला दुकानाची पायरी उतरायला लावली होती. आज ते स्वतः त्याची पायरी चढले होते. सोमवारपासून बसायचं ठरलं होतं.

हे ऐकलं मात्र, आणि अकरा वर्षांत जिच्या डोळ्यांत कुणी टिपूस बघितलं नव्हतं ती बाई ओक्साबोक्शी रडू लागली! "तुम्ही स्टुलावर बसणार? बॅटऱ्या बदलणार? अहो, तेवढ्यासाठीच तर मी..."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तेवढ्यासाठीच तू केलंस. आता थोडं मला करू दे. माझं राज्य तुझ्या झग्यावर चाललं होतं गं... मला ते ठाऊक असतं तर मी जास्त ताठ चाललो असतो."

लेक उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग तिनं बाबांचा आवाज ऐकला. ते विचारत होते, तुला काय हवंय? काहीही सांग, आज मी आणून देतो.

आईनं विचार केला. खरोखर केला, कपाळाला आठ्या घालून, जिन्नस आठवावा तसा. लेक वळून बघू लागली. मिनिटं गेली. बाबा वाट बघत होते, आणि आईच्या चेहऱ्यावर हळूहळू एक ओशाळवाणं हसू येत गेलं.

"सुचतच नाहीये काही," ती म्हणाली.

त्या एका वाक्यानं घड्याळजींनी तोंड झाकून घेतलं. हवंसं वाटण्याची सवयसुद्धा हिची गेली होती... तेवढ्यात भेटीची वेळ संपली. परिचारिका येऊन उभी राहिली आणि बापलेकींना निघावं लागलं.

शुक्रवारी दोघं आत शिरली तेव्हा आई उशीला टेकून दाराकडेच बघत होती. जवळ येईपर्यंतही तिला दम नव्हता.

"आठवलं," ती म्हणाली. "एक संत्रं. अख्खं."

घड्याळजी आल्या पावली परत फिरले. खाली रस्त्यावरून ते संत्रं घेऊन आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. भाव त्यांनी विचारला होता, पण घासाघीस केली नव्हती, हे त्यांनी आपणहून सांगून टाकलं. आईनं संत्रं हातात घेतलं, जरा वेळ नुसतं धरलं, मग सोलायला सुरुवात केली. एकेका फोडीवरची पांढरी शीर तिनं निगुतीनं काढली. पहिली फोड तोंडात टाकून तिनं डोळे मिटले. त्या दोघांना तिथे श्वाससुद्धा जपून घ्यावासा वाटत होता. एवढ्याशा खाटेवर काहीतरी फार मोठं चाललं होतं, आणि ते बघायला मिळण्याइतकी आपली लायकी नव्हती, असं लेकीला वाटत होतं.

चार फोडी झाल्यावर आईचा हात सवयीनं पुढे आला. पाचवी फोड तिनं नवऱ्यापुढे धरली. घड्याळजींनी मान हलवून नको म्हटलं. तिनं ती लेकीपुढे धरली. लेकीनंही मान हलवली.

आईनं हातातल्या फोडीकडे क्षणभर बघितलं, ती स्वतःच्या तोंडात टाकली, आणि उरलेलं संत्रं तिनं कुणालाही न विचारता, सावकाश, शेवटच्या फोडीपर्यंत खाल्लं.